नर्सिंग होममधल्या स्क्रीनना प्रायव्हसी फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

नर्सिंग स्टेशनचे मॉनिटर, औषधांच्या ट्रॉलीवरचे लॅपटॉप आणि भिंतीवरचे टच पॅनेल, तिन्हीकडे हे फिल्टर वापरून झाले. मॉनिटरसाठी डोळे झाकून घ्या. टच पॅनेलसाठी मात्र दोनदा विचार करा.

फिल्टरच्या आत अतिशय बारीक उभ्या पट्ट्या असतात. समोर बसलेल्याला मजकूर स्वच्छ दिसतो, पण बाजूने साधारण ३० अंशांपलीकडे गेलं की स्क्रीन काळी. पट्ट्या उभ्या असल्यामुळे वरून, खालून आणि थेट पाठीमागून मात्र सगळं वाचता येतं. त्यामुळे ट्रॉली कॉरिडॉरमध्ये थांबवताना नर्सची पाठ भिंतीकडे हवी, नाहीतर येणारा-जाणारा नातेवाईक खांद्यावरून औषधांची यादी वाचू शकतो. उभ्या बसवलेल्या पॅनेलवर आडव्या स्क्रीनचा फिल्टर फिरवून लावला की पट्ट्या आडव्या होतात आणि बाजूचा आडोसाच संपतो.

रात्री आणखी एक गोष्ट तपासा. स्टेशनच्या मागे खिडकी असेल तर बाहेर अंधार पडल्यावर काचेत स्क्रीनचं प्रतिबिंब उमटतं, अक्षरं उलटी पण नाव आणि फोटो ओळखू येण्याइतके. इथे फिल्टर निरुपयोगी. पडदा ओढा किंवा टेबल फिरवा.

माप खोक्यावरच्या इंचांवर सोडू नका. चौकट वगळून उजळणारा भाग मोजा. १६:९ (रुंदी:उंची) च्या २४ इंची स्क्रीनची रुंदी सुमारे ५३.१ सेंमी, २३.८ इंचीची ५२.७. एवढ्या चार मिलिमीटरनेही फिल्टर खाचेत बसत नाही. टच पॅनेलवर कडेच्या क्लिपांनी लावला तर मधे हवा राहते आणि बोटाचा स्पर्श चुकतो, पूर्ण चिकटणाराच घ्यावा लागतो.

उजेड जाणवण्याइतका कमी होतो. ब्राइटनेस वाढवा, नाहीतर बारीक अक्षरातले डोस वाचताना डोळे ताणले जातात, आणि इथे तडजोड चालणार नाही. जंतुनाशक थेट फवारलं तर द्रव कडेतून आत शिरतो. स्पिरिटने काही फिल्टरचा थर पांढुरका पडतो. उत्पादकाने चालेल म्हटलेलंच द्रावण मऊ कापडावर घेऊन पुसा.

स्क्रीन लॉकला फिल्टर हा पर्याय नाही. उठताना विंडोज आणि एल ही बटणं दाबायचीच. आपोआप होणाऱ्या लॉकची वेळ फार कमी ठेवली तर कंटाळून सगळे एकाच्याच लॉगिनवर काम करू लागतात, आणि नोंदी भलत्याच नावावर चढतात. कार्ड टेकवून उघडणारं लॉगिन असेल तर वेळ निर्धास्त कमी करा.

दोघांना मिळून चार्ट पाहायचा असला की फिल्टर काढला जातो, आणि बाजूलाच राहतो. तो जागेवर आहे का, हे ड्युटी बदलतानाच्या यादीत घाला.