लुडविगचा बिल्ला, लोखंडाचं भांडं

ऑर्केस्ट्रा, बँड आणि धुमाल पार्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फोटो फिरतोय. चकचकीत स्नेअर ड्रम (खाली तारा लावलेला, आपण साईड ड्रम म्हणतो तो), त्यावर लुडविग या अमेरिकन ड्रम कंपनीचा पितळी बिल्ला, आणि खाली मजकूर: "मिशनच्या जुन्या बँडचा माल, 1958 चा, अमेरिकन, अर्जंट विकणे आहे." दारव्हा-दिग्रस भागात कार्यक्रम करणाऱ्या आमच्या पार्टीला या मालाने 28 हजारांना गंडवलं. आता वाशीमकडच्या एका ओळखीच्या वादकाने तोच फोटो मला पाठवून "घेऊ का?" विचारलं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आमचा हंगाम 14 एप्रिलच्या आसपास सुरू होतो. भीमगीतांचे कार्यक्रम, मग मे महिनाभर लग्नं. हाताशी बयान्याचे पैसे असतात आणि सामान घ्यायची घाई असते. विकणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं, जाहिराती मार्चमध्येच येतात. आमच्या साईड ड्रमचं लिव्हर, म्हणजे तारा आवळायचा खटका, गेलं होतं; खालच्या तारा पानाला (ड्रमच्या पडद्याला) धड टेकत नव्हत्या. पार्टीत दोन तट पडले. मी आणि कीबोर्डवाला म्हणत होतो, नागपूरहून नवा स्टीलचा ड्रम आणू, पक्क्या बिलाचा. वाजवणारा माझा धाकटा भाऊ, त्याचा जीव जुन्या लुडविगवर.

त्याचा हट्ट उगाच नव्हता. लुडविगचा सुप्राफोनिक 400 हा ड्रम साठच्या दशकापासून जगभरच्या स्टुडिओत वाजतोय. 14 इंची, पाच इंच उंच, दहा लग (बोल्ट बसायचे ठोकळे), ॲल्युमिनियमचं भांडं, म्हणजे ड्रमचं गोल पोट, आणि वर क्रोम. स्टीलसारखा कानात घुमत राहत नाही; आवाज कोरडा, तुटक, हलक्या हातालाही उत्तर देणारा. कंपनी हे मॉडेल आजही बनवते, पण परदेशी किंमत आणि वर आयातकर म्हटल्यावर खेड्यातल्या पार्टीने ते नाव काढू नये. त्यामुळे "जुना आहे म्हणून स्वस्त" हे गणित पटकन पटतं. आणि जुन्याचा दर्दी माणूस भाव नीट करत नाही, त्याला माल हातचा जाईल याचीच धास्ती जास्त.

विक्रेता ड्रम घेऊन स्वतः आमच्या गावी आला. चाळिशीचा, गोड बोलणारा, बोलण्यात अर्धी हिंदी. इसार म्हणून पाच हजार आधीच ऑनलाइन घेतले होते. चहा होईपर्यंत त्याने ड्रमला हात लावू दिला नाही, मिशनच्या बँडमास्तरची गोष्ट सांगत बसला. मग म्हणाला, "दादा, चेक करून घ्या. नंतर म्हणाल सांगितलं नाही. बीटल्सवाल्याकडं हाच ड्रम होता." आणि खिशातून स्वतःच लोहचुंबक काढलं.

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी हातचलाखी इथेच आहे. त्याने चुंबक लावलं ते लगला, म्हणजे भांड्यावर बाहेरून बसवलेल्या त्या लांबट क्रोमच्या ठोकळ्यांना, ज्यात टेन्शनचे बोल्ट जातात. चिकटलं नाही. "पाहा, ॲल्युमिनियम." मग वरच्या रिंगणाला लावलं, तिथे चिकटलं. "रिम स्टीलचीच असते, कंपनीत जाऊन विचारा." ऐकायला दोन्ही बरोबर. पण लग हे सहसा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतं, ड्रम अमेरिकेचा असो की गल्लीतला, चुंबक त्याला चिकटत नाही. खुद्द भांड्याला, दोन लगांच्या मधल्या मोकळ्या जागेत, त्याने चुंबक लावलंच नाही. भावाने हात पुढे केला तर चुंबक खिशात गेलं आणि काड्या पुढे आल्या. "वाजवून पाहा ना भाऊ, कान काय खोटं बोलते काय!" वरच्या पानावर टेप लावून आवाज दाबलेला होता. कोरडाच लागला.

मागितले 40 हजार, तुटलं 28 वर. उरलेले 23 रोख. पावती मागितली तर म्हणाला, "मिशनच्या मालाची कायची पावती?"

भांडं फुटलं ते एका बोल्टामुळे. गाडीत कुठंतरी टेन्शनचा एक बोल्ट गळून पडला. दुसऱ्या दिवशी हळद होती, म्हणून मी गावातल्या लेथवाल्या काकांकडे ड्रम घेऊन गेलो. म्हटलं, अमेरिकन माल आहे, आटे पाडून द्यावे लागतील. काकांनी उरलेला एक बोल्ट काढून डोळ्यासमोर धरला, मग खालच्या डब्यातून फवारणी पंपाचा सहा एमएमचा बोल्ट घेतला आणि लगमध्ये बोटानेच फिरवला. शेवटपर्यंत सुळकन गेला.

"कोन म्हनलं अमेरिकेचा? इंच-सुताचा माल नाही हा बाप्पा. मिलिमीटरचा हाय. दहा नंबरचा पाना लाव अन् आवळ."

लुडविगच्या बोल्टाला इंचाला 24 आटे असतात आणि जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. सहा एमएमचा बोल्ट त्यात शिरायलाच नको. काकांना ड्रममधलं काही कळत नाही, पण आटे त्यांना झोपेतही कळतात. मग घरी येऊन जुन्या स्पीकरचं चुंबक भांड्याच्या उघड्या पोटाला लावलं. असं बसलं की ओढून काढावं लागलं.

पाठचं पान काढल्यावर बाकीचं दिसलं. खऱ्या सुप्राफोनिकचं भांडं अखंड असतं, त्याला उभा जोड नसतो. आमच्या भांड्यात बोट फिरवलं तर वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची घासून सपाट केलेली रेघ लागली. तिच्या अर्ध्यावर आवाज दाबायची नमद्याची गादी बसवली होती, उरलेल्यावर चहाच्या पाण्यात पिवळं केलेलं कागदी लेबल. बिल्ला मात्र बहुधा खरा असावा, आणि त्यातच मेख आहे. हा बिल्ला हवेच्या भोकात एका पोकळ रिव्हेटने दाबून बसवलेला असतो. मोडक्या ड्रमवरून काढला की कुठल्याही भांड्यावर बसतो. आमच्या बिल्ल्यावर काळपट मळ होता आणि रिव्हेट कोरं करकरीत, आतल्या बाजूने तर मशीनचा ओरखडाही ताजा.

सनावळीतही तो सापडत होता. लुडविगच्या बिल्ल्यावर अनुक्रमांक यायला लागले तेच 1963 च्या अखेरीस. आमच्या बिल्ल्यावर सहा आकडी नंबर होता आणि साहेब सांगत होते 1958! बीटल्सचं म्हणाल तर त्या इंग्लिश बँडचा ड्रमवादक रिंगो स्टार लुडविग वाजवायचा हे खरं, 9 फेब्रुवारी 1964 ला अमेरिकन टीव्हीवर तो दिसल्यानंतर कंपनीला मागणी पुरवता येईना हेही खरं. पण त्याचा तो स्नेअर लाकडी होता. चकचकीत धातूचा ड्रम दाखवून कुणी त्याचं नाव घेतलं तर तिथेच चहा संपवून उठा.

गंजाचंही एक सांगतो, कारण फोटोवरूनही ते कळतं. ॲल्युमिनियमवरचं जुनं क्रोम उडतं, फोड येतात, खाली पांढरट भुकटी दिसते. संग्राहक लोक त्या फोडांना नावं ठेवत नाहीत, उलट वयाची खूण मानतात. लाल गंज येतो तो लोखंडाला. विक्रेत्याकडून लगांच्या बुडाचा आणि बिल्ल्याच्या कडेचा जवळून फोटो मागवा. लाल दिसलं की विषय संपला.

विक्रेत्याचा फोन दोनतीन दिवस लागला, "पार्टीला विचारून सांगतो" म्हणाला, मग बंद. आम्ही ठाण्यात लेखी तक्रार दिली, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे. रोख दिलेल्या 23 हजारांना आमच्याकडे साक्षीदार सोडून काही नाही. ऑनलाइन गेलेल्या पाच हजारांचा तरी माग आहे. असं कुणाचं झालं तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तर तेवढंच. आम्ही भांडत आणि फोन लावत बसलो तोवर रक्कम पुढच्या खात्यात गेली होती.

काम थांबवता येत नव्हतं, म्हणून नागपूरहून नवा स्टीलचा ड्रम आणला, बिलासकट, या खोट्याच्या निम्म्याहून कमी पैशात. घुमतो थोडा, पण पानावर टेपचा एक तुकडा लावला की मंडपात कुणाला फरक कळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, उन्हात पान सैल पडतं, दर दोन गाण्यांनी चावी फिरवावी लागते. मिरवणुकीत धूळ, गुलाल, वरातीत नाचणाऱ्यांचे धक्के. खरा साठच्या दशकातला ड्रम मिळाला असता तरी मी तो या कामाला लावला नसता. लिव्हर तुटलं तर त्याचा सुटा भाग यवतमाळात कोण देणार? नव्याचा भाग दुकानदार कुरियरने पाठवतो. भावाला हे अजून पटत नाही. तो म्हणतो, स्टुडिओत एक गाणं तरी जुन्यावर वाजवीन. वाजव बापा, पण भांड्याला चुंबक मी लावणार.

खोटा ड्रम काही गिऱ्हाइकं मागून गेली. "बिल्ला राहू द्या, तसाच द्या" म्हणणारेही त्यात होते, तेही आपलेच वादक. बिल्ला आम्ही रिव्हेट कापून काढला आणि तक्रारीसोबत ठाण्यात जमा केला. फोटोतल्या बिल्ल्याच्या डाव्या कोपऱ्यावर तिरपा ओरखडा आहे. वाशीमला आलेल्या फोटोतही तो तसाच दिसतो, म्हणजे फोटो आमच्याच वेळचा आहे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचं भांडं आणखी कुठलं तरी असेल.