कुठले सुलिव्हन?

माझ्या सासूबाई आयरिश. कॉर्क काउंटीच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेलं बेरा नावाचं द्वीपकल्प आहे, तिथलं त्यांचं माहेर. आडनाव सुलिव्हन. गेल्या वर्षी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि काय द्यावं ते सुचत नव्हतं. मी नाशिकची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत माझ्या आजोबांच्या हातची नोंद आहे, माहेरी कपाटात कुलवृत्तांत आहे. त्यामुळे ‘वंशावळ देऊ या’ ही कल्पना माझीच. म्हणजे मूळ दोषही माझाच.

एकूण ७७० युरो गेले. रुपयांत हिशोब केला की पोटात कालवतं, म्हणून मी तो करत नाही.

तो गृहस्थ भेटला एका उन्हाळी बाजारात. टेबलावर आडनावांच्या राजचिन्हांची कीचेन, मग, फ्रेमा मांडलेल्या आणि शेजारी पाटी, ‘आयरिश वंशशोध’. बोलणं अगदी मिठ्ठास. त्याचं पहिलंच वाक्य असं: “१९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये सगळी दफ्तरं जळाली. आता सामान्य माणसाला काही मिळत नाही. ओळखी लागतात.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे. जून १९२२च्या अखेरीस यादवी युद्धाच्या सुरुवातीला फोर कोर्ट्सच्या आवारातलं सरकारी अभिलेखागार खरंच बेचिराख झालं. १८२१ ते १८५१ या काळातल्या चार जनगणना जवळजवळ सगळ्या तिथे गेल्या, चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या, बऱ्याच नोंदवह्याही गेल्या. पण कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या तिथे नव्हत्याच. त्या आपापल्या गावात पाद्र्यांच्या कपाटात होत्या आणि वाचल्या. सासूबाईंचं घराणं कॅथलिक. म्हणजे आमच्या कामाचं जे होतं ते जळालंच नव्हतं. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पहिले ३५० युरो आगाऊ. आमच्याकडे माहिती होती ती सासूबाईंच्या आजोबांपर्यंतची. त्यांचे वडील साधारण १८४०चे, आणि तिथून मागे अंधार. महिन्याभराने त्याचा फोन आला, पणजोबांचा बाप्तिस्मा सापडलाय, पण वही बघायला बिशपची परवानगी लागते, तिचे आणि पॅरिशला देणगीचे मिळून २४०. आता गंमत बघा, पूर्वी काही धर्मप्रांतांच्या वह्यांच्या फिल्म बघायला खरंच परवानगी लागायची. खोटं बोलणारा माणूस कुठल्या जुन्या खऱ्यावर उभा राहतो ते यातून कळतं. पैसे पाठवताना त्याने सांगितलं, व्यवसायाचं म्हणून नको, मित्रांना पाठवतो तसे पाठव, कमिशन वाचेल. मी पाठवले. नंतर कळलं की तशा पाठवलेल्या पैशांना कसलंच संरक्षण नसतं. शेवटचे १८० चामडी बांधणीच्या अल्बमचे.

अल्बम मात्र देखणा होता. पहिल्या पानावर सोनेरी राजचिन्ह. मग थेट डोनल कॅम ओ’सुलिव्हन बेरा! हा तिथला शेवटचा मोठा सरदार. १६०२मध्ये इंग्रजांनी त्याचा डनबॉयचा किल्ला पाडला, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो हजारेक माणसं घेऊन उत्तरेला लिट्रिमकडे निघाला. पंधराएक दिवसांनी पोचली ती ३५. अशा माणसापासून सरळ रेषेत, एकही पिढी न गाळता, आमच्या सासूबाईंपर्यंत वंश आणून सोडला होता. आपल्याकडेही कुणाचं मूळ शोधायला घेतलं की ते कुठल्या तरी सरदाराच्या वाड्यातच निघतं. साध्या कुळाच्या झोपडीत कधी निघत नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

वाढदिवसाला केक कापून झाल्यावर सासूबाईंनी चष्मा लावला, अल्बम सावकाश चाळला. सगळे कौतुकाने बघत होते. पाच-सहा पानं झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, “हे कुठले सुलिव्हन?”

बेरामध्ये दगड मारला तरी सुलिव्हनला लागतो. त्यामुळे तिथे नुसत्या आडनावावर काही चालत नाही, प्रत्येक शाखेला वेगळं टोपणनाव असतं. आपण नाही का विचारत, ‘जोशी म्हणजे कुठले जोशी?’ अगदी तसं. सासूबाईंना आपल्या शाखेचं नाव ठाऊक होतं, वाडीही ठाऊक होती. आयर्लंडात टाउनलँड म्हणतात ती आपली वाडीच, देशभरात साठ हजारांहून जास्त आहेत. अल्बममधली वाडी डोंगराच्या पलीकडची निघाली. मी त्यांना हे आधी विचारलंच नव्हतं. वाढदिवसाची गंमत राहावी म्हणून.

त्या रात्री मी अल्बम घेऊन बसले. एक ‘जन्म दाखला’ होता, १८३९चा, लाल शिक्का मारलेला. आयर्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८६४पासून. कॅथलिक लग्नांचीही तेव्हापासून, बाकीच्यांच्या लग्नांची १८४५पासून. १८३९ला दाखला द्यायला कचेरीच नव्हती. दुसरा कागद होता ‘१८४१च्या जनगणनेचा उतारा’, घरात आई-बाप आणि वर्षाचं बाळ, म्हणजे आमचे पणजोबा. याच माणसाने मला आधी सांगितलं होतं की सगळं जळालं. आणि जे खरोखर जळालं नेमकं तेच त्याने मला विकलं होतं.

फोन केला तर म्हणतो, हा पेन्शनचा उतारा आहे. याचाही पाया खरा आहे. जानेवारी १९०९पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागलं, पण वयाचा पुरावा कुणाकडे होता? मग जुन्या जनगणनेत लहानपणीची नोंद शोधून तिचे उतारे काढले जात. आग लागायच्या आधी काढलेले हे शोध-अर्ज आजही आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट. (१९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येक आयरिश म्हातारे दहापेक्षा जास्त वर्षांनी मोठे झालेले जनगणनेत दिसतात, ते या पेन्शनपायीच. मला हे फार आवडतं.) पण आमचे पणजोबा १९०६ला वारले. पेन्शनचा अर्ज त्यांनी कुठून केला? मी अर्जांतही शोधलं. तसं घर नाही. हे त्याला सांगितल्यावर त्याने फोन ठेवला आणि पुढे तो नंबर कधी लागलाच नाही.

सोळाशेपासूनच्या त्या अखंड रेषेबद्दल काय सांगू? आयर्लंडच्या पश्चिमेला बऱ्याच कॅथलिक पॅरिशच्या वह्याच मुळी १८२०च्या आसपास किंवा नंतर सुरू होतात. साध्या शेतकरी घराची मधली दोनशे वर्षं कुठून भरणार? आणि राजचिन्ह आडनावाला मिळत नसतं, एका विशिष्ट माणसाला मिळतं. डब्लिनमध्ये त्यासाठी चीफ हेरल्डची कचेरी आहे. कीचेनवरचं चित्र हौसेपुरतं.

गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार दिली. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. विषय संपला.

मग दोन-तीन रविवार सासूबाई आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो. १९११ची जनगणना, फुकट. त्यात त्यांचे वडील वर्षाचे. मग आजोबांच्या लग्नाची नोंद, सरकारच्या आयरिश जीनिऑलॉजी संकेतस्थळावर मूळ पानाच्या चित्रासकट, तीही फुकट. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू तिथे बघता येतात. लग्नाच्या नोंदीत दोन्ही बापांची नावं आणि धंदा असतो, ती खरी शिडी. त्यामागे ग्रिफिथचं मूल्यांकन, १८४७ ते १८६४. हा साधारण आपला सातबारा समजा, कोणत्या वाडीत कोण कसतो आणि कोणाकडून घेतलंय ते सगळं. फक्त घरातल्या बायकापोरांचा त्यात पत्ता नाही.

आणि पॅरिशच्या वह्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५पासून त्यांची चित्रं सगळ्यांना खुली केली आहेत, बहुतेक १८८०पर्यंतची. अक्षर किरटं, शाई फुटलेली, बऱ्याच ठिकाणी लॅटिन. जॉनचा जोआनेस, जेम्सचा याकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. आयरिशमधला डियरमिड कॉर्क-केरीकडे इंग्रजीत जेरेमाया होतो, कधी डार्बी. हे माहीत नसेल तर एकच माणूस तीन होतात. माझे डोळे दुखले, सासूबाईंना मात्र गुरुजींचं मोडी वाचता येणाऱ्या आजीसारखं स्फुरण चढलं.

शोध दुसऱ्याकडून करून घ्यायचाच असेल तर ‘अक्रेडिटेड जीनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड’ या संस्थेची यादी बघा, आणि प्रत्येक नोंदीचा मूळ पानाचा फोटो, वहीचं नाव आणि तारीख मागा. माझ्या अल्बममध्ये एकाही मूळ पानाचा फोटो नव्हता. सगळं सुंदर टाइप केलेलं.

आम्हाला पणजोबांच्या नावाचे दोन बाप्तिस्मे सापडले, एकाच पॅरिशमध्ये, दीड वर्षाच्या अंतराने, दोन्ही बापांची नावंही सारखी. फरक फक्त वाडीचा आणि बाप्तिस्म्याला साक्षीला उभ्या राहिलेल्या धर्म-मायबापांचा. सासूबाईंचं म्हणणं, पहिला आपला. त्यांनी गावाकडे चुलतभावाला फोन लावला, तो ब्याऐंशी वर्षांचा, तो म्हणतो छे, दुसरा. तासभर वाद झाला, मधे त्याने तिची लाज काढली, तिने त्याची. मी वहीत दोन्ही नावं पेन्सिलने लिहून ठेवली आहेत.