यूएन डिजिटल लायब्ररी वापरून बघितली, आणि फारिस अल-खूरी भेटले

भाचीला १७ सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोलायचं होतं, म्हणून हैदराबादचा विषय यूएनमध्ये गेला तेव्हा नेमकं काय झालं ते मूळ कागदात बघावं म्हटलं. यूएन डिजिटल लायब्ररीची साइट फुकट आहे, लॉगिन नाही, काही नाही, पीडीएफ सरळ डाउनलोड होते. सुरक्षा परिषदेची ३५७ वी बैठक, पॅरिस, १६ सप्टेंबर १९४८. विषय अजेंड्यावर घ्यायला ८ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, ३ तटस्थ. त्या ८ मध्ये सीरिया होता, म्हटलं सीरियाकडून परिषदेत कोण बसायचं ते तरी बघू, आणि तिथून जे सुरू झालं ते रात्री दोनपर्यंत मी उठलोच नाही.

फारिस अल-खूरी. दमास्कसचे वकील, कायद्याचे प्राध्यापक, धर्मानं ख्रिश्चन आणि तरी मुस्लिमबहुल सीरियाचे दोनदा पंतप्रधान. १९१६ मध्ये तुर्कांनी तुरुंगात टाकलं, १९२५ च्या उठावात तेव्हा सीरियावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी अरवाद बेटावर धाडलं, मग १९३६ ला त्याच फ्रेंचांशी स्वातंत्र्याच्या कराराची बोलणी करायला हे पॅरिसला! १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला यूएनचा जन्म होत होता तिथं सीरियाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख हेच, आणि इकडे २९ मेला फ्रेंच तोफा दमास्कसच्या संसदेवर गोळे टाकत होत्या. हे वाचताना अंगावर काटा आला.

आता ऑगस्ट १९४७ चे रेकॉर्ड उघडा. सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांच्या खुर्चीत सत्तरीच्या आसपासचे खूरी आणि समोर प्रश्न डचांशी लढणाऱ्या इंडोनेशियाचा, तोही भारत आणि ऑस्ट्रेलियानं नेलेला, आपलं स्वातंत्र्य अजून दोन आठवडे लांब होतं बरं का. १ ऑगस्टला डच आणि इंडोनेशियन दोघांनी लढाई थांबवावी असा ठराव झाला. गुलामीतून नुकताच सुटलेला देश त्या खुर्चीत, यासाठी तरी हे वाचाच.

पॅलेस्टाइनच्या बाबतीत मात्र वाईट वाटतं. प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे मतासाठी पाठवा ही सीरियाची मागणी, जुलै १९४८ मध्ये मतदान झालं, ६ बाजूनं, लागत होती ७. एका मतानं गेलं. वकील माणूस, कोर्टाचा रस्ता शेवटपर्यंत सोडला नाही, पुढे यूएनच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगावरही कितीतरी वर्षं होते.

जुनी पानं दोन कॉलमची आहेत, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच. ज्यानं आयुष्यभर अरबांसाठी भांडण केलं त्याचं बोलणं तिथं अरबीत नाही कारण अरबी तेव्हा यूएनची भाषाच नव्हती, त्याच्या देशावर राज्य केलेल्यांची फ्रेंच मात्र शेजारी छापलेली. मी त्या पानाकडे बराच वेळ बघत बसलो.

प्रिंट काढणार असाल तर जपून. आमच्याकडच्या एका झेरॉक्सवाल्यानं डावी कड कापून दिली, म्हणजे इंग्रजीच अर्धी गेली आणि फ्रेंच तेवढी शाबूत, पन्नास पानं वाया. आधी एक पान काढून बघा मग बाकीची सांगा.

आणि सर्च करताना आडनावाची स्पेलिंगं बदलून बघा, खूरीच्या आधी कुठे अल आहे कुठे एल, शेवटी कुठे आय तर कुठे वाय. त्यापेक्षा बैठकीचा नंबर टाकलात तर पटकन सापडतं. माझ्याकडून ५ पैकी ५.