हळदीच्या पोत्यात बांधलेलं घर: गावभाग ते विश्रामबाग, यार्डातल्या हमालांचा अनुभव

लिहायचंय ते सामान हलवणाऱ्या माणसांबद्दल. पण जुन्या फ्लॅटचं थोडं सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक नीट कळायचं नाही.

सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. जागेला नावं ठेवायची सोय नव्हती. बाजार पायावर, गणपती मंदिर हाकेवर, सासूबाईंचं सगळं गणगोत त्याच गल्लीत. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी तिथं ४५ फूट) आणि आमची खिडकी वरच्या पट्टीपर्यंत बुडाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, जरा कमी. पाणी उतरतं हो, पण भिंत ते पिऊन बसते. हातभर उंचीपर्यंत लोणा धरला. मालकांनी दर दिवाळीला वरनं डिस्टेंपर मारायचा आणि संक्रांतीपर्यंत पोपडे आमच्या गादीवर पडायचे. प्लास्टर खरवडा, भिंत उन्हाळाभर वाळू द्या, मग काय ते करा, असं गवंडी तोंडावर सांगून गेला. मालकांचं उत्तर ठरलेलं: नदीकाठची घरं अशीच असतात. पुढं स्विचबोर्डाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. वायरमननं बोर्ड उघडला तर आतले पितळी स्क्रू हिरवेगार. त्यात पोराचा खोकला हिवाळा सरला तरी जाईना, आणि करार संपत आला तसं भाडं वाढवायची भाषा सुरू झाली. म्हटलं, पुरे.

घर शोधण्याची कथा लांबवत नाही. शामरावनगरात भाडं कमी, पण तिथं पावसाचंच पाणी इतकं तुंबतं की नदीची वाट बघायची गरज पडत नाही. शेवटी विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर मिळालं. ११ महिन्यांचा करार, नोंदणी, अंगठे, सगळं रीतसर झालं.

मग प्रश्न सामानाचा. आधी ऑनलाइन एका मोठ्या पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांकडे चौकशी केली. किती बीएचके, कितवा मजला, लिफ्ट आहे का, एवढं विचारून फोनवरच्या मुलीनं १७ हजार अधिक जीएसटी सांगितले. आमच्या गल्लीत मोठी गाडी येत नाही म्हटलं तर म्हणाली, "मॅम, पिन लोकेशन सेंड करा ना." लोकेशन पाठवून गल्ली रुंद होत असती तर महापालिकेचं कामच हलकं झालं असतं.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. आमच्या तोलाईवाल्यानं यार्डातल्याच एका मुकादमाकडे बोट दाखवलं. सौद्याला सुट्टी असली की त्याची टोळी घरं हलवते. संध्याकाळी माणूस घर बघायला आला. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं. आल्या आल्या त्यानं बैठकीच्या खोलीकडे बघितलंही नाही. सरळ आत जाऊन कपाटाच्या खालच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि विचारलं, "ताई, ह्याला पाणी लागलंय न्हवं? कंच्या सालचं, एकोणीसचं का एकवीसचं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग हे उभं न्यायचं न्हाई."

सांगलीत घर हलवायचं तर हे विचारणारा माणूस पाहिजे. प्लायचं कपाट पुरात उभं राहिलं की तळ फुगतो. वाळल्यावर वरनं काही कळत नाही, सनमायकासुद्धा जागेवर असतो, पण आतला भुसा झालेला. उभं उचललं की सगळं वजन तळाच्या फळीवर येतं, स्क्रू सुटतात आणि कपाट खोक्यासारखं बसतं. शेजारच्यांचं तसंच झालं होतं, जिन्याच्या मधोमध. पुराच्या वर्षी हीच माणसं लोकांचं सामान माळ्यावर, गच्चीवर, नातेवाइकांकडे चढवत होती, आणि पाणी उतरल्यावर खाली आणतही होती. कुठलं सामान कुठं दगा देतं, हे त्यांना हातानं माहीत आहे.

भाव ठरला ७,००० रुपये. मुकादमानं साडेसात सांगितले होते, मी पाचशे तोडले. त्यात चौदा फुटी टेम्पो, पाच माणसं, गल्लीच्या तोंडापर्यंत हातगाडा आणि तिसऱ्या मजल्याचा जिना. चहा-नाष्टा आपला.

ठरलेल्या दिवशी आठची वेळ होती, आले साडेनऊला. फोन केला की "निघालोय" आणि मागनं यार्डातल्या बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज. ह्याचा मी एक गुण कापलाय. सुट्टी काढून बसलेल्या माणसाला दीड तास म्हणजे थोडा नव्हे.

पण एकदा हात लागल्यावर काम बघण्यासारखं. कपाटाची दारं बिजागऱ्यांतनं काढली. निघालेले स्क्रू दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच दाराच्या मुठीला बांधली. नव्या घरात स्क्रू शोधायची वेळच आली नाही. मग जमिनीवर बारदान, म्हणजे रिकामी पोती पसरली, कपाट पाठीवर अलगद निजवलं, दोर दोन ठिकाणी आडवा फिरवून गाठ मारली आणि चौघांनी दोराला धरून उचललं. तळाला कुणी हात लावला नाही. ते कपाट आज माझ्या साड्यांसकट उभं आहे.

फ्रीज शेवटपर्यंत उभाच ठेवला. "जाग्यावर लावला तरी चार तास बटन दाबू नगा, तेल खाली बसू दे," असं मुकादमानं दोनदा बजावलं. हलवाहलवीत काँप्रेसरमधलं तेल नळ्यांत चढतं, ते परत यायला वेळ लागतो. हे मला पुढं फ्रीजवाल्यानंही सांगितलं. इन्व्हर्टरची बॅटरी एका पोरानं कडेवर घेतल्यासारखी सरळ धरून नेली, ॲसिडचा थेंब सांडला नाही. गॅसचा सिलिंडर मात्र टेम्पोत घ्यायला साफ नकार. तो दिरांनी वेगळा आणला, आणि मला ते बरोबरच वाटलं.

टेम्पो भरण्याची रीत तर शिकण्यासारखी. मुकादमानं विचारलं, "आज रातच्याला कुठं निजनार?" म्हटलं, नव्या घरात. तर गाद्या आणि स्वयंपाकाचे डबे शेवटी चढवले, म्हणजे तिथं पहिले उतरले. वर्षाच्या शाळूची पत्र्याची कोठी मी रिकामी करायला निघाले होते, तर म्हणाला, राहू द्या. हळदीची पोती पाठीवर वाहणाऱ्याला शाळूची कोठी म्हणजे काय! दोघांनी ती तिरकी करून, बुडाच्या कडेवर फिरवत उंबऱ्याबाहेर काढली. दाणा सांडला नाही. तुळशीचं वृंदावन उचलताना एका पोरानं चप्पल काढून ठेवली, कुणी न सांगता. सासूबाई तोवर देव मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या होत्या. ते बघून त्यांचं तोंड जरा सैल झालं. तोवर त्या कुणाशी बोलत नव्हत्या.

राम मंदिर चौक, पुष्पराज चौक करत टेम्पो विश्रामबागेत पोचला. तिथं सोसायटीचे चेअरमन उभे. लिफ्टमधनं सामान न्यायचं नाही, असा नियम. मी वाद घालायच्या आधीच मुकादम म्हणाला, "लिफ्ट नगंच सायेब, जिन्यातल्या सायकली तेवढ्या बाजूला घ्या." जादा पैसे मागितले नाहीत, कारण जिना आधीच धरलेला होता. तुम्हीही मजल्याचं आधीच बोलून घ्या, नाहीतर हमाली दारात वाढते.

आता तक्रारी. ड्रेसिंग टेबलच्या आरशाला कोपऱ्यात तडा गेला. दाखवल्यावर मुकादम ४०० रुपये कापून घ्या म्हणाला, हुज्जत नाही. एका हमालानं नव्या इमारतीच्या जिन्यात मावा थुंकला, तोही चेअरमनांच्या देखत. मुकादमानं त्याच्याच हातानं फडक्यानं पुसायला लावलं. तरी पहिल्या दिवशी आमची शोभा व्हायची ती झाली. मावा तोंडात असलेल्या माणसाला वर घ्यायचंच नाही, असं आधी सांगून ठेवा.

आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे बारदान. सोफा, गाद्या, टीव्ही, सगळं त्यांनी यार्डातल्या जुन्या पोत्यांत गुंडाळलं. पोती झटकली होती म्हणे. हळद झटकून जाते का कधी? नव्या घरात सोफा उघडला तर फिकट निळं कव्हर राजापुरी हळदीनं माखलेलं. दिवसभर दुकानात हळद, आता बैठकीतही हळद. जाऊबाई मदतीला आल्या होत्या, त्यांनी घाईनं साबण लावला आणि डाग लालभडक झाले. हळदीला साबणाचा खार लागला की ती तांबडी होते, आमच्या दुकानातल्या पोरालाही ठाऊक आहे. नुसत्या पाण्यात खळबळून कव्हर कडक उन्हात टाकलं. दोन-तीन उन्हांत बरंच गेलं, शिवणीत अजून आहे. सासूबाईंचं म्हणणं, नव्या घरात हळद आली तर शुभच, तू काय रडतेस. त्यांना सोफा धुवावा लागत नाही. तेव्हा जुन्या चादरी, रजया आपल्या काढून ठेवा आणि आधी त्या गुंडाळायला लावा, बारदान त्याच्यावर.

पावती मिळत नाही. बदली झालेल्या, ऑफिसातनं खर्च वसूल करायच्या लोकांच्या हे उपयोगाचं नाही. विमा-बिमा काही नाही. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं असेल, काचेचं सामान जास्त असेल, तर बिल देणारी कंपनी बघा, १७ हजार तिथं वाजवी ठरतील. गावातल्या गावात, त्यातून पुराचं पाणी लागलेलं फर्निचर असेल, तर मात्र यार्डातली माणसं. पाचपैकी चार. कापलेला एक गुण उशिराचा, आणि हळदीचा त्यातच धरलाय, नाहीतर साडेतीनच झाले असते.

जायचं असेल तर मे संपायच्या आत जा. मला ७,००० लागले ते मे महिन्याचा भाव म्हणून. जुलैत कोयनेतनं विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि आयर्विनपाशी पाणी तीस फुटांच्या पुढं सरकायला लागलं, की नदीकाठचा प्रत्येक जण टेम्पो शोधत असतो. मुकादमानं स्वतःच सांगितलं, तेव्हा तो भाव सांगत नाही, ज्यांच्या दारात पाणी आलंय त्यांच्याकडे आधी जातो. तेव्हा तुम्ही फोन केलात तर उचलला जाणार नाही, आणि त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही.