वाळणाऱ्या पाईनसाठी बोलावलेला झाडांचा डॉक्टर: ४ स्टार

अमेरिकेत ओमाहात आमच्या मागच्या अंगणातला स्कॉच पाईन ऑगस्टमध्ये हिरवागार होता, दिवाळीपर्यंत पार तपकिरी. आधीच्या एकाने लांबूनच बघून फवारणी गळ्यात मारली, पैसे पाण्यात. हा माणूस मात्र फांदी कापून बघत बसला, राळ जवळजवळ नाहीच, आत लाकडावर निळसर डाग, म्हणाला पाईन विल्ट वाटतोय, म्हणजे भुंग्यांमार्फत पसरणारे सूक्ष्म जंत, पण लॅबमध्ये जंत दिसल्याशिवाय नक्की सांगणार नाही. रिपोर्ट तोच आला. आता औषध नाही, एप्रिल संपायच्या आत पाडून चिपरमध्ये, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे करणाऱ्या मशीनमध्ये, घाला, सरपण म्हणूनपण ठेवू नका म्हणे. शेजारच्या ऑस्ट्रियन पाईनच्या शंकूंवरचे काळे ठिपके त्यानेच दाखवले, ती डिप्लोडिया बुरशी, तिला वसंतात कोंब फुटताना फवारणी चालते. अपॉइंटमेंटला तीन आठवडे लावले राव, एक स्टार त्याचा कापला.