कायमची म्हणून विकलेली गाणी नव्या लॅपटॉपवर वाजतच नाहीत

पैसे मोजून गाणी डाउनलोड करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, त्यातही गाणं शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी जास्त. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ही फाइल तुमच्या ॲपच्या बाहेर वाजते का? उत्तर लेखी घ्या. मला हे उत्तर कुणीच दिलं नाही आणि माझे साडेसहा हजारांच्या आसपास रुपये गेले. रक्कम कुणाला छोटी वाटेल. पण ही विक्री ज्या पद्धतीने होते ती अजूनही सर्रास चालू आहे.

मी नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात गाण्याचे क्लास घेते. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांची मुलं येतात, काही गृहिणी येतात, निवृत्त झालेले एक-दोन काकाही येतात. २०२० च्या टाळेबंदीत क्लास व्हिडिओ कॉलवर गेला. कॉलवर माझी पेटी आणि मुलांचा आवाज कधीच एका मात्रेवर भेटत नसे, त्यामुळे शिकवण्यापेक्षा ऐकवण्यावर भर द्यावा लागला. चांगली ध्वनिमुद्रणं हवी होती आणि ती रीतसर विकत घेतलेली हवी होती. यूट्यूबवरून फुकट उतरवून घेणारे खूप आहेत. पण मी स्वतः गाण्यावर घर चालवते. दुसऱ्याच्या गाण्याचे पैसे बुडवायचे नाहीत हे माझ्या गुरुजींनी घालून दिलेलं आहे आणि मी ते पाळते.

एका संगीत संकेतस्थळावर शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग असा मोठा साठा होता. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव लिहीत नाही. दर एका गाण्याला बारा-पंधरा रुपये, अख्खा अल्बम नव्याण्णव. प्रत्येक गाण्यापुढे ‘खरेदी करा’ असं बटण आणि वर मोठ्या अक्षरांत ‘एकदा घ्या, कायम ऐका’. मासिक वर्गणीची योजना वेगळी होती, तिचं पानही वेगळं होतं. मी वर्गणी घेतली नाही, खरेदी केली. दर वेळी पावती आली आणि जीएसटीसुद्धा लागला. गाणी त्यांच्याच प्लेअरमध्ये उतरत होती, कॉलवर तिथूनच वाजवत होते, सगळं सुरळीत चाललं होतं.

पहिला खडा लागला तो क्लास पुन्हा घरात सुरू झाल्यावर. मध्यमा परीक्षेच्या मुलांना एक द्रुत बंदिश बसवत होते. तानेची जागा मुलांच्या कानात शिरत नव्हती. अशा वेळी मी ऑडॅसिटी वापरते. हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात पट्टी न बदलता लय कमी करता येते. सपाट वाटणारी तान अर्ध्या वेगात ऐकवली की गायकाने कुठे श्वास घेतला, कुठल्या स्वरावर हलकेच टेकून तो पुढे गेला, हे लहान मुलालाही ऐकू येतं. शिकवणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. विकत घेतलेली फाइल त्यात टाकली, तर हा प्रकार ओळखताच येत नाही असा संदेश आला. नीट पाहिलं तेव्हा फाइलच्या नावापुढे एमपी३ नव्हतंच. भलतीच चार अक्षरं होती, मी तोवर कधीही न पाहिलेली.

पाठोपाठ सासूबाईंचा स्पीकर. त्यांना पहाटे हरिपाठ लागतो. मोबाइलच्या भानगडीत त्या पडत नाहीत, पेनड्राइव्ह खोचला की गाणं सुरू व्हावं एवढीच त्यांची अपेक्षा. मी घेतलेले अभंग पेनड्राइव्हवर टाकून दिले. स्पीकरचा निळा दिवा लुकलुकत राहिला, पडद्यावर एक, दोन, तीन असे फाइलींचे आकडे पळत राहिले आणि आवाज काही आला नाही. मी कंपनीला मेल केला. ‘सुरक्षेच्या कारणास्तव ही गाणी आमच्याच प्लेअरमध्ये ऐकता येतील’ असं उत्तर आलं. पैसे भरायच्या पानावर हे वाक्य कुठेही नव्हतं. ते होतं अटी-शर्तींच्या पानात, तेही ‘वापराचा परवाना’ अशा मथळ्याखाली, लांबलचक इंग्रजीत. त्या दिवसापासून तिथून एकही गाणं घेतलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. सीताबर्डीतल्या ज्या दुरुस्तीवाल्याकडे नेहमी जाते त्याने हार्ड डिस्क काढून सगळा डेटा नव्या लॅपटॉपवर चढवून दिला. मुलगा प्रामाणिक आहे, समोर बसवून दाखवलं. म्हणाला, “ताई, डेटा तं पूर्ण आला, एक फाइल नाही गेली. पन हे गाणे काऊन वाजून नाही राहिले?” प्रत्येक गाणं जागेवर होतं, आठ-दहा एमबीचं वजन तसंच होतं. क्लिक केलं की चौकट यायची: या उपकरणासाठी परवाना उपलब्ध नाही, कृपया जुन्या उपकरणावरून नोंदणी रद्द करा. जुनं उपकरण तर तिथेच टेबलावर मरून पडलेलं. ते सुरू करून त्यावरून नोंदणी रद्द करायची कशी?

कंपनीच्या ग्राहक सेवेला मी दुकानाचं बिल पाठवलं, मदरबोर्ड गेल्याचा उल्लेख त्यात स्पष्ट होता. प्रत्येक मेलला नवं नाव, नवी सही, मजकूर मात्र तोच. शेवटी फोनवर एक मुलगी बोलली, अगदी गोड बोलली. म्हणाली, मॅडम, तुम्ही मासिक वर्गणी घ्या ना, ही सगळी गाणी त्यात आहेतच. म्हणजे जे मी एकदा विकत घेतलं तेच आता दर महिन्याला भाड्याने घ्यायचं. मी नकार दिला. काही दिवसांनी सगळ्या ग्राहकांना मेल आला की डाउनलोड विभाग बंद होत आहे, यापुढे नवे परवाने दिले जाणार नाहीत आणि भरपाई म्हणून ॲपमधली ‘नाणी’ मिळतील. नाण्यांनी फक्त वर्गणीच भरता येते!

फाइलला घातलेलं हे डिजिटल कुलूप चालतं कसं ते समजून घ्या, कारण ते समजलं की पुढचा धोका आपोआप दिसतो. गाण्याची फाइल सांकेतिक रूपात बदललेली असते. ती उलगडणारी किल्ली फाइलमध्ये नसते. परवान्यासोबत ती कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि तुमच्या यंत्राच्या ओळखीशी बांधली जाते. लॅपटॉप किंवा त्याचा मदरबोर्ड बदलला की प्लेअरच्या लेखी ते यंत्रच नवं होतं आणि तो पुन्हा सर्व्हरकडे किल्ली मागतो. सर्व्हरने नाही म्हटलं, किंवा सर्व्हरच बंद झाला, तर तुमच्या डिस्कवरच्या फाइलला फक्त वजन उरतं.

जगात हे आधीच घडून गेलंय. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक नावाचं दुकान २००६ साली बंद केलं आणि एप्रिल २००८ मध्ये जाहीर केलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. ग्राहक इतके भडकले की सर्व्हर आणखी काही वर्षं चालू ठेवावे लागले. याहूनेही २००८ मध्येच आपलं गाण्यांचं दुकान गुंडाळलं आणि आरडाओरडा झाल्यावर भरपाई देऊ केली. ॲपलच्या आयट्यून्सची गाणीही २००३ पासून अशीच कुलूपबंद होती, ठरावीक संगणकांपलीकडे चालत नसत. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सने उघड पत्र लिहून मोठ्या संगीत कंपन्यांना ही कुलपं काढायला सांगितलं, त्यांतली ईएमआय ही कंपनी त्याच वर्षी तयार झाली आणि २००९ मध्ये आयट्यून्सवरची सगळी गाणी बिनकुलपाची विकली जाऊ लागली. या कुलपांनी चोरी थांबली नाही. चोरून उतरवलेलं गाणं कुठेही वाजत होतं आणि पैसे भरणाऱ्याचंच अडत होतं. एवढं सगळं होऊन गेल्यावर, दहा-अकरा वर्षांनी, आपल्याकडे कुणी तोच माल ‘कायम’ म्हणून विकतो, याचा मला खरोखर संताप येतो.

आपल्याच देशात याच्या उलट उदाहरणही आहे. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. तिथे साध्या एमपी३ फाइली मिळत. जून २०१३ मध्ये ते बंद झालं, पण बंद करण्याआधी ग्राहकांना आपापली गाणी उतरवून घ्यायला मुदत दिली गेली. धरमपेठेत राहणारी माझी एक मैत्रीण कथक शिकवते. तिने तिथून घेतलेले ठुमरी-दादरे आजही तिच्या क्लासमध्ये वाजतात. मधे तिचे संगणक बदलले, फोन बदलले, तिला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. तिने गाणी घेतली ते दुकानही बंद झालं आणि मी घेतली तेही. फरक फक्त फाइलीत होता.

मला अनेकांनी सुचवलं, एक छोटंसं सॉफ्टवेअर टाका, कुलूप तुटतं. मी ते केलं नाही आणि तुम्हीही घाईने करू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हेतू तसा हवा असं कलम म्हणतं, आणि स्वतःच घेतलेलं गाणं स्वतः ऐकणाऱ्याचा हेतू तसा नसतो असं मला मनापासून वाटतं. पण हे एखाद्या गाण्याच्या शिक्षिकेने न्यायालयात सिद्ध करत बसायचं का? शिवाय असली सॉफ्टवेअर जिथे मिळतात तिथून व्हायरसही घरात येतात. ज्या लॅपटॉपवर मुलांच्या फीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्यावर तो धोका मला नको.

सरळ मार्ग आहे, वेळ लागतो पण आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क प्रसिद्ध करावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या वेळी ते झालं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी कंपनीला कळवलं, कंपनीने पुन्हा नाण्यांचाच प्रस्ताव ठेवला. त्यानंतर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो की मुंबईची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार करावी लागते.

तक्रार लिहिताना सगळ्यात उपयोगी पडलं ते खरेदीच्या पानाचं चित्र. माझ्या एका विद्यार्थिनीने मैत्रिणीला दाखवायला म्हणून तेव्हाच स्क्रीनशॉट काढून पाठवला होता. ‘एकदा घ्या, कायम ऐका’ ही ओळ त्यात ठळक दिसते. कंपनीने ते पान आता बदललंय. त्यामुळे काहीही डिजिटल विकत घ्याल तेव्हा जाहिरातीचं, किमतीचं आणि त्या दिवशीच्या अटींचं चित्र काढून पावतीसोबत ठेवा. नंतर ते पान तुम्हाला पुन्हा दिसेलच याची खात्री नाही.

गाणी घेताना फाइलचा प्रकार बघा. एमपी३ किंवा फ्लॅक असेल तर सहसा काळजी नाही. एम४ए चालतं, एम४पी असेल तर समजा कुलूप आहे. डब्ल्यूएमए दोन्ही तऱ्हेची असते, विचारून घ्या. सगळ्यात खात्रीचं म्हणजे आधी एकच गाणं घ्यायचं, पेनड्राइव्हवर टाकायचं, दुसऱ्याच्या स्पीकरवर किंवा गाडीत वाजवून बघायचं आणि मगच पुढचं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी बिनकुलपाच्या फाइली मिळतात. ओळखीच्या कलाकाराकडून थेट फाइल किंवा सीडी घेता आली तर सगळ्यात उत्तम, पैसेही त्याच्या हातात पडतात.

वर्गणीच्या ॲपवर माझा राग नाही. तिथे आपण भाडं देतोय हे आधीच माहीत असतं. पण तिथल्या ‘डाउनलोड’वर विसंबून कार्यक्रम ठरवू नका. स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो, नाहीतर उतरवलेली गाणी बंद होतात. वर्गणी संपली की तीही गेली. आणि ॲपही जातं. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा अनेकांच्या वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला होता.

माझ्या तक्रारीत मी दोनच गोष्टी मागितल्या आहेत आणि त्यांपैकी कुठलीही एक चालेल: घेतलेल्या गाण्यांच्या बिनकुलपाच्या फाइली, किंवा व्याजासह पैसे. कंपनीच्या वकिलांनी उत्तर दाखल करायला मुदत मागून घेतली आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. त्याच संकेतस्थळावरून घेतलेली गाणी बंद पडलेलं आणखी कुणी नागपुरात किंवा विदर्भात असेल, तर आपापल्या पावत्या काढून ठेवा आणि दोन वर्षांची मुदत उलटायच्या आत स्वतःची तक्रार दाखल करा.