उपवासकाळातील मराठी रिट्रीट : पश्चात्तापाला पुरेसा वेळ देणारा दिवस

राखेच्या बुधवारानंतर, म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू झाल्यावर, पुण्यात नगर रोडवरील एका कॅथलिक साधनाकेंद्रात शनिवारी मराठीतून एकदिवसीय रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-मननाचे शिबिर, घेतली जाते. या वर्षी मी तिला उपस्थित होते आणि ज्यांना उपवासकाळ म्हणजे केवळ मांसाहार सोडण्याचा काळ वाटतो, त्यांनी तर ती आवर्जून करावी असे माझे मत आहे. 1955 मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आलेल्या पोपच्या सेमिनरीमुळे, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेमुळे, नगर रोडवरील रामवाडीच्या परिसरात अभ्यासू फादरांची वाण कधीच नव्हती. मात्र तेथील अध्यापन इंग्रजीतून चालते आणि अहिल्यानगरच्या खेड्यांतून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना मनातले जड विषय मातृभाषेत बोलायला मिळण्याची सोय फारशी नसते. या केंद्राने ती केली आहे, यासाठी त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत.

या रिट्रीटचे वैशिष्ट्य तिच्या आखणीत आहे. सकाळच्या सत्रात पापांचा उल्लेख जवळजवळ झालाच नाही. फादरांनी सुरुवात बाप्तिस्म्यापासून, म्हणजे ख्रिस्तसभेत प्रवेश देणाऱ्या विधीपासून केली. प्राचीन ख्रिस्तसभेत ईस्टरच्या रात्री ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा, त्यांच्या तयारीशी हा काळ जोडलेला होता, आणि गंभीर अपराधांमुळे दूर झालेल्यांना पुन्हा मंडळीत घेण्याची तयारीही याच दिवसांत होत असे, हे त्यांनी समजावून सांगितले. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात बाप्तिस्मा आणि प्रायश्चित्त ही उपवासकाळाची दोन्ही अंगे पुन्हा ठळक केली; आपण मात्र त्यांतले दुसरेच तेवढे धरून बसलो आहोत, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. ज्याला आपण कोणाचे आहोत हे ठाऊक नाही, त्याचा पश्चात्ताप नुसत्या भीतीपाशी थांबतो. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही सारे उधळून बसलेला मुलगा उठून निघतो, तो त्याला बापाचे घर आठवते म्हणून.

त्यानंतर प्रत्येकाला आत्मपरीक्षणासाठी एक छापील कागद देण्यात आला, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातील सर्वांत मोलाची वस्तू तीच होती. दहा आज्ञांची ठरावीक उजळणी त्यावर नव्हती. ‘घरकामाच्या ताईंच्या खाड्याचे पैसे कापण्यापूर्वी त्यांची अडचण ऐकून घेतली का?’, ‘सोसायटीच्या वॉचमनशी काम नसतानाही कधी बोललात का?’, ‘वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून कोणत्या भावंडाशी बोलणे टाकले आहे?’ असे प्रश्न होते, आणि प्रत्येक प्रश्नाखाली कोरी जागा सोडलेली होती. तो कागद घेऊन तासभर आवारात मौनात बसायचे होते. एरवी कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपाशी पापे सांगण्याच्या, रांगेत उभे राहून घाईघाईने आठवलेल्या चुका आणि हा तास यांत फार अंतर आहे.

पापनिवेदनापूर्वी फादरांनी बायबलमधील जक्कय या श्रीमंत जकातदाराचा दाखला दिला, कारण त्याने येशूला घरी घेतल्यावर आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर केले. प्रायश्चित्त म्हणून ठरावीक प्रार्थना म्हणून मोकळे होण्यापेक्षा जे बिघडवले ते दुरुस्त करावे, थकवलेली मजुरी आधी द्यावी, तोडलेले बोलणे सुरू करावे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. समोरासमोर बसून किंवा जाळीआडून, दोन्ही प्रकारे निवेदन करण्याची सोय होती. समोरासमोर बसण्याचा पर्याय 1973 च्या सुधारित विधीपासून उपलब्ध असूनही आपल्याकडची वडीलधारी मंडळी अजून बिचकतात. येथे त्यांच्यावर कोणीही दडपण आणले नाही.

काही उणिवाही नोंदवायला हव्यात. पापनिवेदनासाठी दोनच फादर असल्याने रांग लांबली आणि शेवटच्या मंडळींना जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळाली. दिवसभर जे शिकवले, त्याच्याशी हे विसंगत आहे. येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणाऱ्या क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने भर उन्हात, फार घाईत उरकली गेली. तरुणांची उपस्थिती नगण्य होती, आणि शनिवारी कामावर जाणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्याविषयी त्या कागदावर प्रश्न होते त्या घरकाम करणाऱ्या भगिनींना, येणे शक्यच नव्हते. रविवारी दुपारनंतर हीच रिट्रीट अर्ध्या दिवसाची ठेवता येईल का, याचा संयोजकांनी विचार करावा.

जेवण साधे, भाकरी, पिठले आणि ताक असे होते व उपवासकाळाला साजेसे होते. गायनात प्रॉटेस्टंट कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने पेटी-तबल्यावर घेतली, त्यामुळे प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून आलेल्या पाहुण्यांनाही परकेपणा वाटला नाही. शुल्क नाही, देणगी ऐच्छिक आहे. नाव आधी नोंदवावे लागते, आणि ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी नोंदवतानाच खुर्ची मागून ठेवावी, कारण सभागृहात बैठक सतरंज्यांवर असते.